आजींचा स्वर चढला कसा?

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील एका वाचक भगिनींनी नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीसह लिहिलेल्या पत्राचा आशय असा. त्यांच्या आजेसासूबाई जात्यावरच्या ओव्या आणि खान्देशातल्या कानबाई या देवीची गाणी म्हणत असत. हा ठेवा जपावा म्हणून त्यांनी दोन पेन्सिल सेलवर चालणारा, हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर घेतला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी मुद्रित केलेल्या ओव्या व्यवस्थित उतरल्या. श्रावणात कानबाईच्या जागरणाच्या रात्री मात्र आधी भजन आणि मग बायकांची गाणी असे सलग मुद्रण चालू असताना पहाटे सेल संपले आणि ती फाईल नंतर उघडेना. गावातील व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात ती उघडून मिळाली, पण आजींचा आवाज बारीक, चढा आणि घाईचा वाटू लागला. शेजारच्या वृद्ध बायका ऐकून म्हणाल्या, "हाऊ तिना आवाज नही." भजनात पेटी वाजवणाऱ्या काकांना काळी एकचा सा धरल्याचे नक्की आठवते, पण मुद्रणातला सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. भाच्याने मोबाईलवरच्या अ‍ॅपने स्वर दोन पट्ट्या उतरवून दिला, तरी पेटी जुळली नाही. हिवाळ्यात आजी वारल्या. पत्रलेखिका विचारतात : सेल कमजोर झाल्यामुळे हे घडले काय, रेकॉर्डर बदलावा काय, या तीन फाईलींपैकी खरी कोणती मानावी, आणि गेलेल्या माणसाच्या आवाजात असा फेरफार करणे योग्य आहे काय?

उत्तर :

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण उत्तराचा बराचसा भाग तुम्ही स्वतःच त्यात लिहून ठेवला आहे. आधी तुमच्या मनाला धीर देणारी गोष्ट सांगतो. तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून आजींचा मूळ आवाज हरवलेला नाही. तो चुकीच्या वेगाने वाचला जात आहे, आणि ही चूक अंदाजाने नव्हे तर नेमक्या मापाने दुरुस्त होऊ शकते. मात्र त्यासाठी मूळ मेमरी कार्ड जपलेले असणे आवश्यक आहे. ते कार्ड अजून रेकॉर्डरमध्ये असेल तर हा मजकूर पुढे वाचण्याआधी बाहेर काढून ठेवा आणि त्यावर नवे काहीही मुद्रित करू नका.

आता सेलविषयीच्या तुमच्या समजुतीकडे येऊ. कमजोर सेलमुळे स्वर बदलतो ही समजूत कॅसेटच्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती खरीही होती. कॅसेटची फीत एक मोटर ओढत असे. सेल उतरले की मोटर मंदावे, त्या मंद फितीवर केलेले मुद्रण पुढे पूर्ण वेगाने वाजवले की आवाज चढा आणि घाईचा येई. डिजिटल रेकॉर्डरमध्ये फिरणारे काहीच नसते. तो आवाजाची पातळी सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि ते आकडे कार्डावर लिहितो. हे मोजमाप किती वेळाने करायचे ते घड्याळात असतो तसा क्वार्ट्‌झचा स्फटिक ठरवतो. असा स्फटिक साधारणपणे दहा लाखांत वीस-पन्नास भागांपर्यंत चुकतो. दहा लाखांत ५० भागांची चूक धरली तरी तासाभरात एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाही फरक पडत नाही, आणि स्वरातला तेवढा फरक कोणत्याही कानाला कळणार नाही. सेल उतरले तर हे यंत्र मंद चालत नाही, ते सरळ बंद पडते.

तरीही तुमचा सेलवरचा संशय पूर्णपणे चुकीचा नाही, असे मला वाटते. सेलने स्वर बदलला नाही, पण स्वर बदलण्याची वाट मोकळी करून दिली. वेव्ह प्रकारच्या फाईलीच्या सुरुवातीला एक छोटी माहितीची चिठ्ठी असते. सेकंदाला किती मोजमापे घेतली, माइक एक की दोन, एकूण लांबी किती, हे सर्व त्या चिठ्ठीत नोंदलेले असते, आणि लांबीची नोंद बहुतेक यंत्रे थांबण्याचे बटण दाबल्यावरच पूर्ण करतात. पहाटे वीज अचानक तुटली, चिठ्ठी अर्धवट राहिली आणि म्हणून फाईल उघडेना. दुकानातल्या माणसाने बहुधा ती चिठ्ठी बाजूला ठेवून नुसते आकडे वाचून घेतले. अशा वेळी सेकंदाला किती मोजमापे धरायची हे संगणकाला माणसाने सांगावे लागते. इथेच घोटाळा झाला असावा. सीडीसाठी ठरलेला दर सेकंदाला ४४,१०० मोजमापांचा आहे आणि संगीतासाठीच्या अनेक रेकॉर्डरांत तोच निवडलेला असतो. व्हिडिओच्या कामात मात्र ४८,००० हा दर रूढ आहे. व्हिडिओच्या दुकानात सगळे काम ४८,०००वर चालते, म्हणून तुमची फाईलही त्याच दराने वाचली गेली. दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याने बंद पडलेली फाईल उघडून दिली, हे कमी नाही.

हा माझा तर्क आहे, पण त्याला तुमच्या पेटीवाल्या काकांचा पुरावा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ४४,१००ने घेतलेले मुद्रण ४८,०००ने वाजवले तर सर्व काही सुमारे ८.८ टक्के अधिक वेगाने धावते आणि स्वर सुमारे १४७ सेंट चढतो. पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट मानले जाते. म्हणजे काळी एकचा सा एक पट्टी ओलांडून पांढरी दोनवर येतो आणि तिथून आणखी जवळजवळ अर्धी पट्टी पुढे सरकतो. पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मध्ये! काकांनी हेच सांगितले होते. भाच्याने तो दोन पूर्ण पट्ट्या उतरवला, तेव्हा १४७मधून २०० वजा होऊन सा मूळ जागेच्या ५३ सेंट खाली, पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्ये गेला. म्हणून पेटी दोन्ही वेळा जुळली नाही. पेटीच्या साथीचे मुद्रण असे दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेले आढळले, तर इतर वाचकांनीही पहिला संशय या दोन दरांच्या गल्लतीचा घ्यावा. याउलट स्वर नेमका एक, दोन किंवा तीन पट्ट्यांनी सरकलेला असेल आणि गाण्याचा वेळ मात्र तितकाच राहिला असेल, तर रेकॉर्डरमधले किंवा मोबाईलमधले पट्टी बदलण्याचे बटण चुकून दाबले गेले असण्याची शक्यता अधिक. गाणे दुप्पट वेगाने पळत एक सप्तक वर गेले असेल, तर एका माइकची फाईल दोन माइकांची समजून वाचली गेली असेल. मोजमापाची बारकाई १६ बिटची की २४ बिटची हे चुकले तर स्वर सरकत नाही, केवळ कर्कश खरखर ऐकू येते.

माझ्या शब्दावर विसंबून न राहता हे तुम्ही स्वतः पडताळून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. सर्वात सोपी पडताळणी वेळेची. त्या रात्री नात्यातल्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घेतला असेलच. त्यात एखादे गाणे किंवा आरती पूर्ण सापडली, तर तिचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि तेच गाणे दुकानातून आलेल्या फाईलीत मोजा. मोबाईलमध्ये ४ मिनिटे चाललेले गाणे या फाईलीत सुमारे ३ मिनिटे ४० सेकंदांत संपले, तर निदान पक्के झाले. मोबाईलचा आवाज कितीही पत्र्यासारखा येत असला, तरी वेळेच्या बाबतीत तो विश्वासू साक्षीदार आहे.

असा व्हिडिओ मिळाला नाही, तर आणखी एक साक्षीदार खुद्द त्या फाईलीतच बसलेला असू शकतो, आणि मला तो विशेष प्रिय आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि देशभरातल्या जाळ्यात ती ४९.९० ते ५०.०५च्या आसपास राखली जाते. जुन्या चोकची ट्यूबलाईट, भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर, भिंतीपलीकडचे विजेचे एखादे यंत्र, या सर्वांची गुणगुण ५० किंवा १०० आवर्तनांवर हळू आवाजात चालू असते. आपण तिला त्रास मानतो, पण मुद्रणात ती आपोआप लावून ठेवलेल्या तंबोऱ्यासारखी असते. ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्राम संगणकावर घ्या, गाणे थांबलेले असतानाचा शांत तुकडा निवडा आणि विश्लेषणाच्या मेनूतील स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणत्या आवर्तनाचा आवाज किती आहे ते दाखवणारा, आलेख काढा. आकाराचा आकडा मोठा, म्हणजे ६५,५३६ ठेवा, नाहीतर आलेख फार ठोकळ येतो. गुणगुणीचे टोक ५० आणि १००वर असेल, तर वेग बरोबर आहे. ते ५४.४ आणि १०८.८च्या जवळ असेल, तर फाईल ४८,०००ने पळत आहे. एक सावधगिरी मात्र हवी. त्या रात्री वीज गेली होती आणि मांडवात जनरेटर चालू होता, असे असेल तर या साक्षीवर भिस्त ठेवू नका. जनरेटरची आवर्तने भारानुसार खालीवर होतात.

आता दुरुस्ती. प्रथम कार्डावरची मूळ फाईल संगणकावर जशीच्या तशी उतरवून घ्या आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. हे झाल्यावरच कार्ड पूर्ण भरलेल्या सेलसह रेकॉर्डरमध्ये घालून पाहा. काही रेकॉर्डर अर्धवट राहिलेली फाईल ओळखतात आणि चिठ्ठी स्वतः पूर्ण करतात. तसे झाले तर काम तिथेच संपले. झाले नाही, तर ऑडॅसिटीमध्ये आयात करण्याच्या मेनूतील रॉ डेटा हा पर्याय निवडा. तिथे बारकाई, माइकांची संख्या आणि दर विचारले जातात. ही उत्तरे कुठून आणायची? तुमच्या आखाजीच्या फाईलीतून. त्या ओव्या त्याच रेकॉर्डरवर, बहुधा त्याच मांडणीत मुद्रित झाल्या आहेत आणि त्या व्यवस्थित उघडतात. त्यांची माहिती संगणकात पाहा, तिथे दिसणारे आकडे इथे भरा, आणि बाइटचा क्रम विचारला तर लिटल-एंडियन ठेवा, कारण वेव्ह फाईल त्याच क्रमाने लिहिली जाते. अगदी सुरुवातीला एखादा टकटक आवाज आला तर घाबरू नका. ती अर्धवट चिठ्ठीच आवाज समजून वाजवली गेलेली असते. तेवढा क्षण कापून टाकावा.

कार्डावरची मूळ फाईल दुर्दैवाने पुसली गेली असेल आणि दुकानातली फाईलच हाती उरली असेल, तरीही वाट आहे. ती फाईल ऑडॅसिटीत उघडा, आवाजाच्या ट्रॅकच्या डाव्या बाजूच्या मेनूत दराचा पर्याय असतो, तिथे ४८,०००च्या जागी ४४,१०० निवडा. यात एकही आकडा बदलत नाही. तेच आकडे योग्य गतीने वाचले जाऊ लागतात, एवढेच. याच प्रोग्रामात री-सॅम्पल नावाचा दुसरा पर्याय आहे, तो इथे वापरू नये. तो नवे आकडे तयार करतो, वेग मात्र चुकीचाच ठेवतो. नावे जवळची असल्याने पुष्कळ जण इथे फसतात.

भाच्याने अ‍ॅपने उतरवलेली फाईल मात्र बाजूला ठेवा. त्याने प्रेमाने केलेले काम आहे, त्याचे मन दुखवू नका. पण अशी अ‍ॅप गाण्याचा वेळ कायम ठेवून फक्त स्वर सरकवतात. त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडावे लागतात, आणि वृद्ध आवाजातला कंप या जोडकामात प्रथम बिघडतो. शिवाय मूळ चूक वेगाची होती. स्वर खाली आला तरी घाई तशीच राहिली, म्हणूनच ती फाईलही तुम्हाला परकी वाटली असणार. शेजारच्या वृद्ध बायकांच्या कानाला मी इथे मनापासून नमस्कार करतो. त्यांना सॅम्पल रेट, म्हणजे हा मोजमापांचा दर, माहीत नाही, पण वेग वाढला की स्वराबरोबर गळ्याचा आणि तोंडाचा घुमारही वर सरकतो आणि माणूसच वेगळे वाटू लागते, हे त्यांनी अचूक ऐकले.

तुमचा शेवटचा प्रश्न या सगळ्यांत अवघड आहे आणि त्याच्यासाठीच मी हे उत्तर इतके लांबवले. गेलेल्या माणसाच्या आवाजात फेरफार करावा काय? तुमच्या प्रश्नामागे असे गृहीत दिसते की आता हाती असलेली फाईल म्हणजे आजींचा आवाज, आणि आपण तिला हात लावला तर ती बिघडवू. मला ते उलटे दिसते. फेरफार आधीच होऊन गेला आहे. ४८,०००ऐवजी ४४,१०० निवडताना तुम्ही आजींच्या आवाजाला हात लावत नाही, त्याच्यावर बसलेली यंत्राची चूक उतरवता. ते तुम्ही निःशंक मनाने करा.

पण तिथेच थांबा, असेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. योग्य वेगाने ऐकताना तुम्हाला कदाचित जाणवेल की आजींची ओवी सुरुवातीला एका सुरात आहे आणि दहाव्या कडव्याला थोडी वेगळ्या सुरात पोहोचली आहे, किंवा दुसऱ्या बाजूच्या बायकांनी ओळ उचलली की सूर किंचित चढतो आहे. तेव्हा कोणीतरी पुन्हा अ‍ॅप काढेल आणि म्हणेल की आता हेही सरळ करून टाकू. तसे करू देऊ नका. जात्यावर किंवा कानबाईपुढे गाणाऱ्या बाईच्या मागे तंबोरा नसतो. तिचा सूर जात्याच्या फेऱ्याबरोबर, दमाबरोबर, सोबत गाणाऱ्या सखीबरोबर सरकतो. ते सरकणे हा तिच्या गाण्याचा भाग आहे. यंत्राची चूक आणि गाणारीचे वळण कसे ओळखावे, असे कोणी विचारले तर खूण सोपी आहे. दराची चूक पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकसारखी असते. जो फरक गाण्याबरोबर हळूहळू वाढतो किंवा कमी होतो, तो डिजिटल रेकॉर्डरचा नव्हे.

याला एक अपवाद आहे आणि तो अनेक वाचकांना लागू पडेल. खान्देशात कितीतरी घरांत वहीगायनाच्या, भजनांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट आहेत, आणि हल्ली लोक टेपरेकॉर्डरला वायर जोडून त्या डिजिटल रेकॉर्डरवर उतरवून घेतात. तिथे स्वर सरकत असेल तर दोष टेपरेकॉर्डरच्या मोटरवरच्या ताणलेल्या रबरी पट्ट्याचा किंवा मूळ मुद्रणाच्या वेळच्या सेलचा असू शकतो, आणि तो पहिल्या मिनिटाला एक व शेवटच्या मिनिटाला दुसरा असू शकतो. अशा वेळी टेपचा पट्टा बदलून कॅसेट पुन्हा उतरवणे हाच पहिला उपाय आहे, संगणकावरची डागडुजी त्यानंतर.

बासरीच्या साथीविषयीही थोडे लिहितो, कारण उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांनंतर "रेकॉर्डरने बासरी बेसूर केली" ही तक्रार माझ्याकडे येते. हवा दहा अंशांनी तापली की बासरीचा स्वर साधारण तीस सेंट चढतो. पेटीच्या पितळी सुरांवर उष्णतेचा परिणाम त्या मानाने फार कमी आणि उलट दिशेने होतो. हिवाळ्यातल्या पहाटे जुळलेली जोडी भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी जुळणार नाही, आणि रेकॉर्डर ते प्रामाणिकपणे नोंदवील.

रेकॉर्डर बदलण्याची तुम्हाला गरज आहे असे मला वाटत नाही. मनातली शंका जावी म्हणून एक चाचणी घ्या. मोबाईलवरचे स्टॉपवॉच समोर ठेवून आकडे मोठ्याने म्हणत दहा मिनिटे मुद्रण करा, शेवटी पेटीचा सा द्या, आणि ते रेकॉर्डरवर व संगणकावर दोन्हीकडे ऐका. वेळ दहा मिनिटे आणि सा जागेवर असेल, तर यंत्र निर्दोष आहे. रेकॉर्डरवर बरोबर आणि संगणकावर ९ मिनिटे ११ सेकंद दिसले, तर दोष संगणकाच्या मांडणीत शोधा. ऐकताना वेग बदलण्याचे बटण मूळ जागी असल्याची खात्री मात्र करा.

घरात अजून गाणाऱ्या बायका असतील, म्हणून पुढच्या कानबाईसाठी थोडे सुचवतो. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ व्होल्टचे. रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तो बरोबर निवडा, नाहीतर सेल किती उरले ते चुकीचे दिसते. तुमचे सेल अचानक संपल्यासारखे वाटले, त्यामागे हेही असू शकेल. रात्रभर एकच मुद्रण चालू ठेवू नका. तासाभराने दोन गाण्यांच्या मध्ये थांबवून पुन्हा सुरू करा, म्हणजे सेल संपले तरी अडचण शेवटच्या तुकड्यापुरतीच राहील. दर ४४,१०० किंवा ४८,०००, दोन्हींपैकी कोणताही चालेल, फक्त एकदा ठरवलेला बदलू नका आणि तो कागदावर लिहून कार्डाच्या डबीत ठेवा. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तिथी, गाव, गाणारीचे नाव बोला आणि पेटीचा सा दहा सेकंद वाजवा. पुढे ती फाईल कोणाच्याही हाती गेली, तरी तिचा योग्य वेग त्या सावरून त्याला काढता येईल.

दुरुस्त झालेली फाईल वेव्ह स्वरूपातच ठेवा. नातेवाइकांना पाठवायला हवी तर तिची एमपीथ्री प्रत वेगळी काढा. मग एखाद्या संध्याकाळी त्या शेजारच्या बायकांना पुन्हा बोलवा आणि काही न सांगता ऐकवा. पेटीवाल्या काकांना आधीच काळी एक धरून बसायला सांगा.